जमीन कुळाची की कूळ जमिनीचे? : यिरकलाच्या भूमिवादाचा इतिहास

आदिवासींची भूमी आणि तिच्या पोटातील खनिज यांविषयीचे वाद बहुधा अर्थकारणाच्या किंवा न्यायनीतीच्या अंगाने अभ्यासिले जातात. ते योग्यच आहे. तथापि अशा वादांत पुष्कळदा एखादा शब्दच निर्णायक ठरतो, आणि त्या शब्दाचा अर्थ कोणी ठरवावयाचा हा खरा प्रश्न असतो. उत्तर ऑस्ट्रेलियातील यिरकला येथील वाद हे याचे ठळक उदाहरण होय. १९६३ मध्ये उद्भवलेल्या या वादातील एक महत्त्वाचा निर्णय २०२५ मध्ये लागला. या बासष्ट वर्षांत ‘मालमत्ता’ या एका शब्दाच्या अर्थात कसा पालट झाला, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर प्रदेशात आर्नहेम लँड नावाचा विस्तीर्ण भूभाग आहे. १९३१ मध्ये तो मूलवासीयांसाठी राखीव म्हणून जाहीर झाला. त्याच्या ईशान्य टोकास, गोव्ह द्वीपकल्पावर, १९३५ मध्ये मेथडिस्ट पंथाच्या मिशनने यिरकला येथे ठाणे वसविले. या भागातील लोक स्वतःस ‘योल्ङू’ म्हणवितात. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘माणूस’ एवढाच आहे. त्यांची अनेक कुळे असून प्रत्येक कूळ ‘धुवा’ किंवा ‘यिरिजा’ या दोन अर्धांपैकी एका अर्धात मोडते. प्रत्येक कुळास स्वतःची बोली, स्वतःच्या पवित्र चित्राकृती आणि स्वतःची भूमी असते, आणि ही तिन्ही त्यास पूर्वजांकडून एकत्रच प्राप्त झालेली असतात. बोली आणि भूमी यांचे नाते येथे केवळ शेजाराचे नाही, हे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवले पाहिजे.

या द्वीपकल्पाच्या मातीत बॉक्साइटचा मोठा साठा आहे. १९६३ च्या आरंभी मेन्झीस सरकारने तेथील खाणकामाचा बेत जाहीर केला, आणि ३०० चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्र राखीव भूमीतून वगळण्यात आले. तत्कालीन सरकारी धोरण सात्मीकरणाचे होते. मूलवासीयांनी कालांतराने इतर ऑस्ट्रेलियनांसारखेच राहणीमान स्वीकारावे, असे सूत्र १९६१ च्या शासकीय परिषदेने मांडलेले होते. त्या दृष्टीने पाहता खाण, तिच्याबरोबर येणारे नगर आणि मजुरी ही त्या लोकांच्या उन्नतीची साधनेच ठरत होती. ज्यांची उन्नती व्हावयाची त्यांस मात्र विचारण्यात आलेले नव्हते.

२

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये यिरकलाच्या लोकांनी संघराज्याच्या प्रतिनिधिगृहास विनंतिअर्ज पाठविले. गुमाज भाषेत व इंग्रजीत टंकलिखित केलेला मजकूर झाडाच्या सालीवर चिकटवून त्याच्या भोवती दोन्ही अर्धांच्या कुळांच्या आकृती रंगविलेल्या होत्या. ही केवळ शोभा होती असे समजणे चूक ठरेल. योल्ङूंच्या रीतीप्रमाणे विशिष्ट आकृती रेखाटण्याचा अधिकार विशिष्ट भूमीशी निगडित असतो. म्हणून ज्या कागदावर त्यांनी हक्क सांगितला, त्याच्या भोवती त्यांनी आपले दस्तऐवजही जोडले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

मजकूर थोडक्यात असा : भूमी वगळण्याची योजना लोकांपासून गुप्त ठेवण्यात आली. ही भूमी अनादि काळापासून त्यांच्या शिकारीची व अन्न गोळा करण्याची जागा आहे. तीत त्यांची पवित्र स्थाने आहेत. लाराकिया जमातीवर जी गत ओढवली ती आपल्यावरही ओढवेल, अशी त्यांस धास्ती वाटते. म्हणून सभागृहाने एक समिती नेमावी, तिच्यासमवेत जाणते दुभाषी द्यावेत आणि यिरकलाच्या लोकांचे म्हणणे ऐकून घ्यावे. दुभाष्यांविषयीची ही मागणी भाषाभ्यासकाच्या दृष्टीने अर्जाचा गाभाच होय. संमती मागावयाची तर ती ज्याची त्याच्या भाषेत मागितली पाहिजे, हे तत्त्व तीत सांगितलेले आहे.

पहिला अर्ज १४ ऑगस्ट रोजी सादर झाला. सह्या करणारे सर्व लोकांचे प्रतिनिधी नाहीत असा आक्षेप मंत्री पॉल हॅस्लक यांनी घेताच दुसरा अर्ज आला. तो २८ ऑगस्ट रोजी सादर झाला, आणि त्यास वडीलधाऱ्यांच्या अंगठ्यांचे ठसे जोडलेले होते. सभागृहाने नेमलेल्या समितीने ऑक्टोबरमध्ये भरपाईची व पवित्र स्थानांच्या रक्षणाची शिफारस केली. खाण मात्र थांबली नाही. १९६८ मध्ये नबाल्को या कंपनीशी करार होऊन तिला ४२ वर्षांचा खाणपट्टा देण्याचे ठरले. तेव्हा रिर्राजिंगू कुळातील मिलिर्पुम व इतर वादींनी उत्तर प्रदेशाच्या सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.

३

न्यायमूर्ती रिचर्ड ब्लॅकबर्न यांनी २७ एप्रिल १९७१ रोजी या दाव्याचा निकाल दिला. मूलवासीयांस कायदा नावाची वस्तू ठाऊकच नाही, हे सरकार पक्षाचे प्रतिपादन त्यांनी मान्य केले नाही. उलट, योल्ङूंची व्यवस्था ही व्यक्तींच्या लहरीवर न चालणारी, सूक्ष्म व स्थिर अशी नियमव्यवस्था आहे, असा स्वच्छ निर्वाळा त्यांनी दिला. स्टॅनर व बर्न्ट या मानवशास्त्रज्ञांची आणि स्वतः योल्ङू वडीलधाऱ्यांची साक्ष त्यांनी आस्थेने तपासली. तरीही दावा फेटाळला गेला.

याची कारणे अनेक होती. वसाहत ‘वसविलेली’ होती की ‘जिंकलेली’, हा प्रश्न वस्तुस्थितीचा नसून कायद्याचा आहे, आणि त्याचे उत्तर पूर्वीच्या निर्णयांनी दिलेले आहे, असे त्यांनी मानले. १८८९ च्या एका निकालात प्रिव्ही कौन्सिलने न्यू साउथ वेल्स ही वसाहत वसली त्या वेळी तेथे स्थायिक रहिवासी वा स्थिर कायदा जवळजवळ नव्हताच, असे गृहीत धरले होते. दक्षिण ऱ्होडेशियाविषयीच्या १९१९ च्या निकालात तर काही जमाती समाजरचनेच्या सोपानावर इतक्या खाली आहेत की त्यांच्या हक्ककल्पनांचा सुधारलेल्या समाजाच्या संस्थांशी मेळच बसत नाही, असे म्हटलेले आढळते. प्रगतीची कल्पना येथे केवळ खाणीचे समर्थन करीत नाही. कोणाचा हक्क हा ‘हक्क’ म्हणून मोजावयाचा, याचे मापही तीच पुरविते.

दुसरे कारण शब्दार्थाचे होते. मालमत्ता म्हटली की उपभोगाचा, इतरांस वगळण्याचा व हस्तांतरणाचा हक्क सामान्यतः अभिप्रेत असतो, अशी ब्लॅकबर्न यांची मांडणी होती. हे तिन्ही एकत्र असलेच पाहिजेत असा त्यांचा आग्रह नव्हता. परंतु योल्ङू कुळांच्या बाबतीत त्यांस यांपैकी काहीच पुरेसे सापडले नाही. भूमी कुळाची आहे असे म्हणण्यापेक्षा कूळ भूमीचे आहे असे म्हणणे पुराव्यास अधिक धरून होईल, असे त्यांनी नोंदविले. नात्याचे इतके यथार्थ वर्णन करून, ते नाते मालमत्तेचे नव्हे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

४

मराठी वाचकास या निष्कर्षाचे नवल वाटावे. आपण ‘सातारची जमीन’ म्हणतो तसेच ‘मी सातारचा’ असेही म्हणतो. स्वामी कोण आणि स्व कोणते, हे षष्ठीचा प्रत्यय सांगत नाही. ‘वतन’ हा मूळचा अरबी शब्द जन्मभूमी या अर्थाचा. मराठीत तो वंशपरंपरागत हक्काच्या उत्पन्नाचा वाचक झाला. वतनदार वतनाचा, आणि वतन वतनदाराचे. हे वतन वतनदाराच्या हयातीपलीकडे सरकारी मंजुरीवाचून परक्यास देण्यास १८७४ च्या मुंबई इलाख्यातील वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यानेच बंदी केली होती. म्हणून ते मालमत्ता नव्हे, असे कोणी म्हटले नाही. वतनसंस्था विषमतेवर उभी होती आणि तिचा गौरव येथे अभिप्रेत नाही. मुद्दा एवढाच की, हस्तांतरणास मुभा नसणे म्हणजे मालमत्ता नसणे नव्हे, हे त्याच इंग्रजी राजवटीस आपल्या प्रांतात मान्य होते.

५

ऑस्ट्रेलियन विधिमंडळासही हे पुढे मान्य करावे लागले. योल्ङूंचे वकील एडवर्ड वुडवर्ड यांचीच १९७३ मध्ये चौकशी आयोगावर नेमणूक झाली, आणि त्यांच्या अहवालांच्या आधारे १९७६ चा उत्तर प्रदेशापुरता भूमिहक्क कायदा संमत झाला. त्यात ‘परंपरागत मालक’ या संज्ञेची व्याख्या करताना त्या स्थानाविषयीची आध्यात्मिक जबाबदारी हा निकष घालण्यात आला. जे नाते १९७१ मध्ये मालकीस अपुरे ठरले होते, तेच पाच वर्षांनी मालकीची व्याख्या झाले. शिवाय या कायद्याने मिळणारी भूमी विकता येत नाही. मात्र विद्यमान खाणपट्ट्यांस धक्का लागला नाही. गोव्हची खाण चालूच राहिली.

३ जून १९९२ रोजी माबो खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, म्हणजे त्या देशाच्या अंतिम न्यायालयाने, सोपानाची ती जुनी कल्पना अव्हेरली व मूलवासीयांचा भूमिहक्क वसाहतीनंतरही टिकू शकतो असे ठरविले. १९६३ च्या लढ्यात तरुणपणी वावरलेले, मिलिर्पुम खटल्यात दुभाष्याचे काम केलेले गुमाज नेते युनुपिंगू यांनी २०१९ मध्ये भरपाईचा दावा लावला. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. १२ मार्च २०२५ रोजी उच्च न्यायालयाने केंद्र सरकारचे अपील फेटाळताना असा निर्णय दिला की, हा भूमिहक्क राज्यघटनेच्या अर्थाने ‘मालमत्ता’च आहे, आणि न्याय्य मोबदला दिल्यावाचून ती घेता येत नाही.

या निकालाने भरपाईची रक्कम ठरलेली नाही, आणि उकरलेली भूमी तर परत येणे नाही. ज्या कारखान्याच्या भरवशावर प्रगतीची भाषा बोलली गेली, तो अल्युमिनाचा कारखाना २०१४ मध्ये बंद झाला. यिरकलाच्या इतिहासापासून अभ्यासकाने घ्यावयाचा बोध तसा मर्यादित आहे, परंतु महत्त्वाचा आहे. १९६३ ते २०२५ या अवधीत योल्ङूंच्या भूमीविषयक कल्पनेत मूलगामी बदल झाला नाही. बदलला तो न्यायालयाच्या कोशातील एका शब्दाचा अर्थ. तो बदलण्यास बासष्ट वर्षे लागली, आणि तेवढ्या काळात खाण आपले काम करीत राहिली. अर्जात मागितलेले जाणते दुभाषी आरंभीच, भूमी वगळण्यापूर्वी, तेथे गेले असते, तर हे भाषांतर इतके महाग पडले नसते.