मटआरसीचं घराणं

नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावर ईमेल वाचणाऱ्यांचा एक जुना लाडका प्रोग्राम आहे, मट. मायकेल एल्किन्सने तो १९९५ च्या सुमारास लिहिला. त्याचं रूप एल्म या आधीच्या प्रोग्रामवर गेलंय, पण स्वभाव फार जुन्या पूर्वजांचा आहे.

मटची सगळी सेटिंगं मटआरसी नावाच्या साध्या फाइलीत लिहायची. तिथे ‘सोर्स’ लिहून पुढे शेल स्क्रिप्टचं नाव दिलं आणि शेवटी एक उभी रेघ ओढली, की मट ती स्क्रिप्ट चालवतो आणि तिने जे छापलं ते आज्ञा म्हणून वाचतो.

आज्ञा फाइलीत लिहून ठेवायच्या या पद्धतीचं मूळ एमआयटीतल्या सीटीएसएस या यंत्रणेत सापडतं. लुई पूझँ या फ्रेंच माणसाने तिथे १९६३-६४ च्या सुमारास ‘रनकॉम’ लिहिलं: त्याच त्या आज्ञा रोज टंकण्यापेक्षा फाइलीत लिहून ठेवायच्या आणि ओळीने चालवायच्या. ‘आरसी’ ही शेपटी तिथली. त्याच यंत्रणेत ‘मेल’ ही आज्ञा असावी, असं सुचवणाऱ्या टिपणावर पॅट क्रिसमन आणि ग्लेंडा श्रोडर यांच्यासोबत पूझँचंही नाव आहे. १९६५ मध्ये टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी ती प्रत्यक्षात आणली. म्हणजे टपाल आणि आज्ञांची फाइल ही एकाच घरातली भावंडं.

पुढे युनिक्समध्ये १९७१ ला मेल आलं, १९७३ ला पाइपची, म्हणजे एका आज्ञेचं उत्तर दुसरीकडे पोचवणारी, उभी रेघ. १९७८ मध्ये बर्कलीत कर्ट शोएन्सने लिहिलेल्या ‘मेल’ने मेलआरसी ही फाइल रूढ केली. १९७९ च्या बोर्न शेलने उलट्या अवतरणखुणा दिल्या: त्यांच्यामध्ये आज्ञा लिहा, जागेवर तिचं उत्तर येतं.

मटने हे सगळं उचललं, पण एक अट घालून. उलट्या खुणांतल्या आज्ञेच्या उत्तराची फक्त पहिली ओळ तो घेतो. म्हणून टपालपेट्यांची यादी द्यायला जाणकार ओळीला एक नाव देणारी ‘एलएस’ ही आज्ञा नव्हे, ‘इको’ वापरतात. ‘इको’ सगळी नावं एकाच ओळीत ओतते. नवी पेटी उघडली, तर पुढच्या वेळी मट सुरू करताच ती यादीत हजर. उभ्या रेघेला मात्र ओळींची मर्यादा नाही. मला हीच वाट जास्त पटते. स्क्रिप्ट वेगळी चालवून तिचं उत्तर आधी डोळ्यांनी पाहता येतं.

धोकाही उघड आहे. दुसऱ्याची मटआरसी न वाचता उचलली, तर त्याच्या आज्ञा आपल्या यंत्रावर चालणार. पण पासवर्डसाठी हीच सोय कामी येते: जीपीजी या सांकेतिक कुलूप लावणाऱ्या प्रोग्रामने बंद केलेली फाइल, ती उलगडणारी आज्ञा, पुढे उभी रेघ. उघडा पासवर्ड मटआरसीत कुठेच लिहावा लागत नाही.