टेट्रिसची धून नेमकी कोणाची?

टेट्रिस खेळला नाही असा माणूस माझ्या पिढीत सापडणं अवघड. पण त्यामागे वाजणारी ती प्रसिद्ध धून आली कुठून, हे फारसं कोणी विचारत नाही. ती गेमसाठी रचलेलीच नाही. ते रशियाचं जुनं लोकगीत आहे, 'कोरोबेयनिकी'. म्हणजे पेटीत कापडचोपड भरून गावोगाव हिंडणारे फेरीवाले!

शब्द निकोलाय नेक्रासोव या कवीच्या १८६१ सालच्या दीर्घकवितेतले. त्याच वर्षी रशियात भूदासप्रथा कायद्याने संपली. कवितेतले दोन फेरीवाले शेवटी जंगलात पैशासाठी मारले जातात. लोकांनी मात्र तरुण फेरीवाला आणि त्याच्या प्रेयसीचा सुरुवातीचा भाग उचलला, त्याला चाल लागली, आणि ते नाचाचं गाणं झालं. चाल कोणी लावली? नाव उरलेलं नाही.

आता गेमकडे या. १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव यांनी टेट्रिस बनवला. तेव्हा त्यात संगीत नव्हतंच. १९८९ मध्ये जपानच्या निन्टेन्डोने तो गेमबॉयवर आणला आणि हिरोकाझू तानाका यांनी ही धून त्यात बसवली. गेमबॉयला आवाजाचे चॅनल अवघे चार, त्यामुळे मोठा वाद्यवृंद शक्यच नव्हता. पण लोकधुनेला वाद्यवृंद लागतो कुठे? सुमारे साडेतीन कोटी प्रती विकल्या गेल्या आणि फेरीवाल्यांचं गाणं जगभर पोचलं.

पैसा कोणाला मिळाला? परदेशी हक्क विकत होती 'एलोर्ग' ही सरकारी संस्था. खुद्द पाजित्नोव यांना १९९६ पर्यंत रॉयल्टी मिळाली नाही. ज्याचं नाव माहीत होतं त्याची ही गत, तर बिननावाच्या चालकर्त्याचं काय?

आपल्याकडेही सिनेमाच्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कायद्याने पक्का व्हायला २०१२ उजाडलं. आणि ओव्या, कोळीगीतं, गोंधळाच्या चाली? त्यांचा कर्ता एक नसतो, म्हणून हक्क कोणाच्याच नावावर लागत नाही.

माझं म्हणणं एवढंच : लोकधून जरूर वापरा, वापरल्यानेच ती जगते. पण ती कुठल्या गावची, कुठल्या समाजाची, कोणाच्या तोंडून ऐकली, हे लिहा. आणि गाणारी माणसं हयात असतील तर त्यांच्या हातावर चार पैसेही ठेवा. कायद्याची वाट कशाला बघायची?