परवान्याच्या कागदामागची वादळं

फ्लोरिडात राहणाऱ्यांना जून ते नोव्हेंबर हे सहा महिने कसे जातात, हे वेगळं सांगायला नको. वादळ एका रात्रीत निघून जातं आणि खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होते. छपराचे शिंगल्स उडालेले असतात, भिंतीचं ड्रायवॉल पाण्यानं फुगलेलं असतं आणि दारात ट्रक घेऊन आलेला कोणीतरी म्हणत असतो, "परमिटच्या भानगडीत कशाला पडता? दोन दिवसांत करून देतो."

मोह होतोच. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पावसाळ्याआधी गावच्या घराची शाकारणी पाहिली आहे. कौलं परतायला कोणी ग्रामपंचायतीकडे अर्ज करत नव्हतं. मग इथेच एवढा बाऊ कशासाठी? त्याचं उत्तर या राज्याच्या इतिहासात आहे.

18 सप्टेंबर 1926 रोजी आलेल्या चक्रीवादळानं तेव्हाचं नवंकोरं मायामी उद्ध्वस्त केलं. घाईघाईत, कशीबशी उभारलेली घरं कोसळली आणि बांधकामाच्या कडक नियमांची गरज लोकांना पटली. पुढे 1957 साली डेड काउंटीनं साउथ फ्लोरिडा बिल्डिंग कोड स्वीकारला. देशातल्या कडक नियमावल्यांमध्ये त्याची गणना होत असे.

पण आठवण पुसट झाली की नियमही सैल होतात. पुढच्या काही दशकांत मायामीची वस्ती झपाट्यानं वाढली आणि मोठं वादळ मात्र बराच काळ आलं नाही. छपराला प्लायवूडऐवजी लाकडाचे तुकडे दाबून केलेल्या फळ्या चालू लागल्या, खिळ्यांच्या जागी स्टेपल आले. तपासनीस थोडे आणि बांधकामं भरमसाट, अशी स्थिती झाली.

24 ऑगस्ट 1992 च्या पहाटे 'अँड्र्यू' आलं. 25,000 हून अधिक घरं नष्ट झाली आणि सुमारे एक लाख घरांचं नुकसान झालं. 'मायामी हेराल्ड'च्या पत्रकारांनी नुकसानीच्या नोंदी काउंटीच्या कागदपत्रांशी ताडून पाहिल्या, तेव्हा चकित करणारी गोष्ट समोर आली. जुन्या घरांपेक्षा 1980 नंतरची नवी घरं जास्त मोडली होती. म्हणजे सगळा दोष वाऱ्याचा नव्हता. कित्येक ठिकाणी स्टेपल खालच्या लाकडात शिरलेच नव्हते. वरून छप्पर देखणं दिसत होतं, पण आतून ते कशालाच धरून नव्हतं. या वार्तांकनाला 1993 चा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

परमिट घेतलं की तपासनीस एकदा नव्हे, तर टप्प्याटप्प्यानं येतो, त्याचं कारण इथेच आहे. छपराची लाकडी फळी नीट ठोकली आहे की नाही, हे वर शिंगल्स चढण्याआधीच दिसतं. वायरिंग तपासायचं तर ड्रायवॉल लागण्याआधी. एकदा झाकलं की उरतो तो फक्त ठेकेदाराचा शब्द.

अँड्र्यूनंतर मायामी-डेडमध्ये खिडक्या-दारांची कसून चाचणी सुरू झाली. नऊ पौंडांचं लाकूड सेकंदाला 50 फूट वेगानं त्यांच्यावर मारतात. ते आरपार गेलं तर माल नापास. 1 मार्च 2002 पासून सबंध राज्याला एकच फ्लोरिडा बिल्डिंग कोड लागू झाला.

आता पाण्याची बाजू पाहू. 1965 साली 'बेट्सी' वादळानं लुइझियानात मोठा पूर आणला. त्यानंतर 1968 साली केंद्र सरकारची पूरविमा योजना सुरू झाली. सरकारनं विमा द्यायचा आणि त्या बदल्यात गावांनी पूरक्षेत्रातल्या बांधकामावर नियम लावायचे, असा हा सौदा. त्यातूनच आला तो प्रसिद्ध 50 टक्क्यांचा नियम. पूरक्षेत्रातल्या घराच्या दुरुस्तीचा खर्च त्या इमारतीच्या बाजारभावाच्या निम्मा किंवा अधिक झाला, तर सबंध घर आजच्या नियमांत बसवावं लागतं. बहुतेक वेळा याचा अर्थ घर उंच करणं किंवा पाडून नवं बांधणं. बाजारभावात जमिनीची किंमत धरत नाहीत. उलट तुम्ही स्वतः केलेली मजुरी आणि फुकट मिळालेलं सामान मात्र खर्चात धरतात.

सप्टेंबर 2024 मध्ये 'हेलीन' आणि दोनच आठवड्यांनी 'मिल्टन' आलं, तेव्हा टँपा बेच्या किनाऱ्यावरच्या जुन्या, बैठ्या घरांतल्या अनेकांना हा नियम पहिल्यांदा कळला. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला घर उचलण्याचा खर्च कुठून झेपणार? हा नियम कठोर आहे, हे मान्य करायलाच हवं. पण त्याच घरात पुन्हा पुन्हा पाणी शिरणं आणि पुन्हा पुन्हा तेच दुरुस्त करणं, हेही कठोरच आहे.

तेव्हा मंडळी, एवढं लक्षात ठेवा. छपरावर ताडपत्री टाकायला, पाणी उपसायला कुणाची वाट पाहू नका. आधी फोटो मात्र काढा. घर पूरक्षेत्रात असेल तर काम सुरू करण्याआधीच 50 टक्क्यांचा हिशेब विचारा. काउंटीनं धरलेली किंमत कमी वाटली, तर बहुतेक ठिकाणी खासगी मूल्यमापन करून ते सादर करता येतं. ठेकेदाराचा राज्य परवाना ऑनलाइन तपासा. "परमिट तुमच्याच नावावर काढा, काम मी करतो," असं तो म्हणाला तर सावध व्हा. तसं केलं की घरमालक म्हणून सगळी जबाबदारी तुमच्यावर येते, आणि बऱ्याचदा त्या माणसाकडे परवानाच नसतो. आणीबाणी जाहीर असताना विनापरवाना ठेकेदारी करणं हा फ्लोरिडात गंभीर गुन्हा आहे. परमिटशिवाय केलेलं काम घर विकताना हमखास वर येतं, तेही आपल्याच खर्चानं.

परमिटच्या खिडकीपाशी ताटकळताना चिडचिड होणारच. पण तपासनीस खिळ्यांमधलं अंतर मोजायला येईल, तेव्हा त्याला खुशाल मोजू द्या. 1992 साली ते मोजायचं राहून गेलं होतं.