गॅम्बियाच्या मच्छरदाण्या

पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बियात मच्छरदाणी कुणा सरकारने नेली नाही. खेड्यांतल्या कित्येक घरांत ती आधीपासूनच होती. बाजारातून कापड आणायचं आणि गावच्या शिंप्याकडून शिवून घ्यायचं. पुष्कळांना जाड, आरपार न दिसणारं कापड पसंत असे. भरल्या घरात पलंगाभोवती तेवढाच आडोसा, वर थंडीत ऊबही. १९८०च्या दशकात मानवशास्त्रज्ञ कॅरल मॅककॉर्मॅक आणि संशोधक रॉबर्ट स्नो यांनी या आवडीनिवडी बारकाईने नोंदवल्या.

तरीही पावसाळा आला की हिवतापाने मुलं दगावत.

साध्या जाळीला भोक पडलं की डास आत शिरतो. झोपेत हात जाळीला टेकला, तर बाहेरूनच चावतो. जाळीला कीटकनाशक लावण्याची युक्ती दुसऱ्या महायुद्धात सैन्यांनी वापरली होती, पण घरात, तान्ह्या मुलाच्या उशाशी चालेल असं औषध पुढे आलं ते १९७०च्या दशकात: परमेथ्रिन. माणसाला त्याचा धोका कमी, पण जाळीवर बसणारा डास त्याने मरतो.

गॅम्बियातल्याच फाराफेन्नीजवळच्या खेड्यांत संशोधक ब्रायन ग्रीनवुड, पेद्रो अलोन्सो आणि सहकाऱ्यांनी त्याची परीक्षा घेतली. काम गावकऱ्यांच्या हातचंच होतं. मच्छरदाणी आधी स्वच्छ धुवायची, औषध मिसळलेल्या पाण्यात बुडवायची, पिळायची आणि वाळवून पुन्हा पलंगावर टांगायची. १९९१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: एक ते चार वर्षांच्या मुलांचे मृत्यू ६३ टक्क्यांनी घटले होते. पोटात घ्यायचं नवीन औषध नाही, लस नाही. घरातलीच जाळी, फक्त औषधात भिजवलेली! १९९२मध्ये सरकारने देशव्यापी कार्यक्रम हाती घेतला. तिथे घट सुमारे २५ टक्के भरली. प्रयोगाइतकी नसली, तरी एका गरीब देशाच्या नेहमीच्या आरोग्ययंत्रणेने ती साधली होती.

मग औषधाला पैसे आकारायचं ठरलं आणि बहुतेक घरांतल्या जाळ्या औषधाविना राहिल्या. धुतलं की औषध उतरतं, म्हणून दर पावसाळ्याआधी ते नव्याने लावावं लागे. नेमक्या त्याच दिवसांत शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो. जीव वाचवणारी वस्तू अशी विकत घ्यायला लावणं ही धोरणाची चूक होती, आणि तिची झळ लहानग्यांना बसणार होती.

वारंवार बुडवण्याची कटकट कारखान्याने सोडवली. सुमितोमो केमिकल या कंपनीच्या 'ओलिसेट' जाळीत परमेथ्रिन धाग्यातच मुरवलेलं असतं. अनेक धुण्यांनंतरही ते टिकतं. २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिला मान्यता दिली, आणि पुढे टांझानियातल्या अरुशा इथल्या गिरणीत ती बनू लागली. पैशाचा प्रश्न मात्र २००७पर्यंत रेंगाळला. त्या वर्षी संघटनेने हिवतापग्रस्त भागांत या जाळ्या मोफत किंवा भरघोस सवलतीत सर्वांना द्याव्यात, अशी शिफारस केली.

२००० ते २०१५ या काळात आफ्रिकेत हिवतापाचे सुमारे ६६ कोटी रुग्ण टळले, असा अंदाज 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातल्या एका अभ्यासाने मांडला. त्यातला ६८ टक्के वाटा औषधी मच्छरदाण्यांचा होता.