पॉलिहाउसमधली ताटी

काचघर जन्माला आलं ते थंडीने गारठलेल्या देशांत. आतली ऊब टिकवायची कशी, एवढीच त्याच्या मालकांना चिंता. इंग्लंडात चॅट्सवर्थला ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या बागेत जोसेफ पॅक्स्टन या मुख्य माळ्याने १८४०च्या सुमारास अवाढव्य काचघर पुरं केलं. त्याच्या पोटात बॉयलर धगधगत आणि त्यांचा कोळसा भुयारातून रुळांवरून येई. उन्हाळ्याचा हिशेब त्या थाटात फारसा नव्हताच.

तो हिशेब पॅक्स्टनला १८५१ साली करावा लागला, लंडनच्या हाइड पार्कात. क्रिस्टल पॅलेस म्हणजे प्रदर्शनासाठी उभारलेला जवळजवळ तीन लाख तावदानांचा महाल, आणि ऐन उन्हाळ्यात त्याखाली झाडं नव्हे, माणसांची झुंबड. पॅक्स्टनने भिंतींत उघडझाप करता येतील अशा झडपा बसवल्या, जमिनीच्या फळ्यांमध्ये फटी सोडल्या आणि छपरावर कापड ताणलं. हे कापड काचेच्या बाहेरून होतं, आणि माझ्या मते त्याची खरी हुशारी इथेच आहे. ऊन काचेतून आत आल्यावर पडद्याने अडवलं, तर प्रकाश कमी होतो, पण पडदा स्वतःच तापून आतली हवा तापवत बसतो. आजही शेडनेट आतून लावून ‘तापमान उतरतच नाही’ म्हणणारे भेटतात. शिवाय पॅक्स्टनचं कापड भिजवता येई. ते वाळताना उष्णता ओढून घेई.

ही दुसरी युक्ती आपल्याकडे काही नवी नव्हती. वाळ्याच्या ताट्या दारांत लावून त्यांवर पाणी मारायची रीत अकबराच्या दरबारात होती. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त खसखान्यांचं, म्हणजे वाळ्याच्या खोल्यांचं, वर्णन करून ठेवलं आहे. पुढे कंपनीच्या साहेबांना वाऱ्याची वाट पाहणं जमेना. मग खिडकीत लाकडी पेटारा, त्याला ओल्या ताट्या, आत पंख्याचं चाक आणि ते फिरवायला नोकर, असं एक यंत्र निघालं. नाव भारदस्त: थर्मँटिडोट. नोकराच्या जागी वीज आणि वाळ्याच्या जागी अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसभुशीत कीस घातला की १९३०च्या दशकातला अ‍ॅरिझोनाचा कूलर तयार होतो. एकाने दुसऱ्याचं पाहून केलं, असं म्हणण्याचा मोह मी आवरतो. कोरडी लू सोसणारी माणसं दोन्हीकडे होती, एवढं पुरे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच कूलर अमेरिकेत हरितगृहाच्या भिंतीएवढा झाला. एका टोकाला ओलं पॅड, समोरच्या टोकाला हवा बाहेर फेकणारे पंखे. किसाची पॅड खाली बसत, कुजत. त्यावर स्वीडनच्या कार्ल मुंटर्सच्या कंपनीने नालीदार कागदाचं, राळेने कडक केलेलं पॅड आणलं. हे तेच मुंटर्स, ज्यांनी विद्यार्थिदशेत फॉन प्लाटेन यांच्याबरोबर मोटरशिवाय चालणारा फ्रिज बनवला होता. काचेला स्वस्त पर्यायही तोवर आला होता. केंटकी विद्यापीठाच्या एमर्ट यांनी १९४८च्या सुमारास काच परवडत नाही म्हणून प्लास्टिकचा पडदा ताणला. आपलं पॉलिहाउस त्याच घराण्यातलं.

पॅडची करामत हवेच्या कोरडेपणावर चालते. बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगलं पॅड हवा २६-२७ अंशांवर आणतं. मुंबईच्या ३४ अंशांत, ६५ टक्के आर्द्रतेत तेच पॅड जेमतेम तिशीपर्यंत पोचतं. म्हणजे विदर्भात सोनं, कोकणात निव्वळ ओला पुठ्ठा! पॅडकडून पंख्याकडे जाताना हवा पुन्हा तापत जाते, म्हणून दोन्हींतलं अंतरही तीस-चाळीस मीटरपलीकडे नेत नाहीत. आणि पाणी जड असेल तर पॅडच्या नाल्यांत पांढरा खडा धरतो. नखाने खरवडावं तर खड्याबरोबर कागदही सुटून येतो. टाकीतलं थोडं पाणी सतत सोडून देणं, रात्री पॅड पूर्ण वाळू देणं, ही कामं टाळली की क्षार आणि शेवाळ मिळून हवेची वाटच अडवतात.

महाराष्ट्रातल्या बहुतेक पॉलिहाउसवाल्यांनी हा थाट मांडलाच नाही. वीज गेली आणि पंखे थांबले, की बंद प्लास्टिकखाली जरबेऱ्याची भाजी व्हायला वेळ लागत नाही. त्यापेक्षा माथ्यावर कायमची खिडकी, बाजूंना गुंडाळायचे पडदे, दुपारी थोडा वेळ धुक्यासारखे तुषार उडवणारे फॉगर. फारच तापलं तर छतावर चुन्याचं पाणी. चुना पावसाने धुऊन जातो, राहिलाच तर घासून काढावा लागतो, नाहीतर ढगाळ श्रावणात झाडांना उजेड कमी पडतो. पॅड आणि पंख्यांची जोडी मात्र पोल्ट्रीच्या बंदिस्त ईसी, म्हणजे आतलं हवामान नियंत्रित केलेल्या, शेडमध्ये छान रुजली आहे. तिथे जनरेटर असतोच, आणि कोंबड्यांना उजेड कमी पडल्याची तक्रार नसते.