शमी, वेडी बाभूळ आणि उसने मार्कर

अकोटहून दर्यापूरकडे निघालं की खारपाणपट्टा लागतो. विहिरीचं पाणी खारट, आणि बांधांवर बहुतेक काटेरी झाडं. गेल्या उन्हाळ्यात तिथं पानं गोळा करत होतो, तेव्हा एका आजोबांनी हटकलं, "कोन्ती बाभूय पायजे तुले, देशी का येडी?" मी हसलो. पण खरं तर माझ्या सिनॉप्सिसला हाच प्रश्न कुणीतरी आधी विचारायला हवा होता.

वऱ्हाड काही वाळवंट नाही. तरी वाळवंटात तगणारी दोन झाडं इथंही दिसतात. एक शमी, म्हणजे सौंदड, थरपासून अरबस्तानापर्यंत पसरलेली. दुसरी वेडी बाभूळ, मूळची अमेरिकेतली, १८७७ च्या सुमारास सिंधमध्ये आणलेली. दोन्हींची वंशनावं मी 'प्रोसोपिस' अशीच पाठ केली होती. मला त्यांची जनुकीय विविधता मोजायची होती, आणि त्यासाठी मार्कर हवेत. मार्कर म्हणजे डीएनएवरची अशी जागा, जिथं एक झाड दुसऱ्यापेक्षा वेगळं दिसतं.

याची सुरुवात झाडांपासून झाली नाही. १९६६ मध्ये लेवोंटिन आणि हबी यांनी फळमाशीची प्रथिनं जेलवर पळवून विविधता मोजली. पुढे पीसीआर आलं, आणि १९९० मध्ये आरएपीडी (लॅबमध्ये आपण सगळे 'रॅपिड'च म्हणतो). दहा अक्षरांचे प्रायमर, कुठलंही झाड, आधी काही माहीत असण्याची गरज नाही. स्वस्त आणि मस्त! त्यामुळे आपल्याकडे त्याची लाटच आली. पण आज दिसलेली पट्टी उद्या दिसेलच असं नाही, आणि पट्टी दिसली तरी झाडात त्या अलीलची एक प्रत आहे की दोन, हे कळत नाही. शिवाय बाभळीसारख्या टॅनिनवाल्या झाडाचा डीएनए नीट स्वच्छ झाला नाही, तर पट्ट्या गायब होतात आणि आपण त्यालाच 'विविधता' समजून बसतो.

मायक्रोसॅटेलाइटनं हे बरंच सुधारलं. डीएनएत सीए-सीए-सीए अशी पुनरावृत्ती असते, तिची लांबी झाडागणिक बदलते, आणि दोन्ही प्रती वेगळ्या दिसतात. फक्त त्या जागेच्या दोन्ही बाजूंची अक्षरं आधी माहीत असावी लागतात. ते काम खर्चाचं, म्हणून लोक जवळच्या जातीचे प्रायमर उसने घेतात. २००५ मध्ये अर्जेंटिनातल्या प्रोसोपिसच्या दोन जातींसाठी असे मार्कर प्रसिद्ध झाले. मीही ठरवलं, एकच वंश आहे, शमीवर चालतील.

आता थोडं मागं जाऊ. १७६७ मध्ये लिनियसनं 'प्रोसोपिस' हे नाव दिलं ते आपल्या शमीला. वेडी बाभूळ त्या वंशात आली १८२५ मध्ये, द कांदोलमुळे. जवळपास दोनशे वर्षं दोघी एकाच नावाखाली नांदल्या. २०२२ मध्ये डीएनएच्या आधारे हा वंश फोडला गेला. शमी प्रोसोपिसच राहिली, आणि वेडी बाभूळ व तिचे अमेरिकी नातेवाईक गेले 'नेल्टुमा'त. हे नाव राफिनेस्कनं १८३८ मध्येच दिलेलं होतं, कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं.

म्हणजे ते उसने मार्कर वेडी बाभळीच्या घरचे आणि शमीला परके. मार्कर निवडताना मूळ जातीत सर्वांत जास्त बदलणाऱ्या जागाच उचलल्या जातात. परक्या जातीत तीच पुनरावृत्ती आखूड किंवा तुटलेली असू शकते. प्रायमरच्या जागी एखादं अक्षर बदललेलं असेल तर ती प्रत उमटतच नाही, आणि दोन वेगळ्या प्रतींचं झाड एकसारख्या प्रतींचं भासतं. मी सिनॉप्सिसमध्ये आधीच लिहून ठेवलं होतं: 'स्थानिक शमीत परकीय जातीपेक्षा विविधता कमी अपेक्षित'. असे आकडे खरोखर आलेही असते. त्यावरून कुणी म्हणालं असतं, इथल्या शमीचं बी रोपवाटिकेसाठी नको, बाहेरून आणा. आणि दोष सगळा प्रायमरचा!

ते वाक्य खोडलं. आता आधी शमीच्याच डीएनएतून पुनरावृत्ती शोधायच्या, आणि उसने प्रायमर फक्त वेडी बाभळीसाठी ठेवायचे, असं ठरलंय.

देशी बाभूळ मात्र अजून बाकी आहे. तिच्यात गुणसूत्रं ५२, म्हणजे १३ चे चार संच. जेलवर एका झाडाच्या चार-चार पट्ट्या येऊ शकतात, आणि आपण शिकलेली हेटरोझायगॉसिटीची सूत्रं दोन संचांची. तिच्याबद्दल पुढच्या वेळी लिहितो, आधी सूत्र तरी सापडू दे.