धापेचा उंबरठा

‘उद्या टेम्पो आहे,’ असे घरी सांगितले तेव्हा ‘कोणाचे सामान हलवायचे आहे?’ असा प्रश्न आला. प्रश्न रास्त होता. १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी निघाली. टेम्पो हे तिच्या जर्मन भागीदाराच्या गाड्यांचे नाव, आणि आपल्याकडे ते माल वाहणाऱ्या गाडीलाच चिकटले. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ काळ, आणि संगीतात लय. धावणाऱ्यांचा टेम्पो तो.

मी धावायला लागलो त्रेपन्नाव्या वर्षी. आठवड्यातून एकदा वीस मिनिटे ‘कष्टाच्या पण झेपेल अशा’ वेगाने धावायचे, एवढेच सांगितले गेले होते. पहिल्या तिन्ही खेपांना आठव्या मिनिटाला मी गुडघ्यांवर हात टेकून उभा. ‘पायात ॲसिड साठतं,’ असे मैदानावरचा प्रत्येक जण सांगे. हे ॲसिड आले कोठून, हे शोधायला मी बसलो.

ते आले बेडकाच्या पायातून. १९०७ साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दाखवले की, बेडकाचा स्नायू थकेपर्यंत आकुंचन पावला की त्यात लॅक्टिक आम्ल साठते आणि प्राणवायू मिळाला की ते ओसरते. पुढे आर्चिबाल्ड हिल यांनी हाच विचार माणसाच्या धावण्याला लावला. ते स्वतः धावणारे; प्रयोगाला स्वतःचेच शरीर वापरले. १९२२ चे नोबेल त्यांना मायरहोफ यांच्यासोबत विभागून मिळाले. आम्ल म्हणजे थकव्याचे विष, ही समजूत मात्र तेव्हापासून घट्ट बसली.

प्रयोगशाळेत हे चालू असताना फिनलंडचा पावो नुर्मी हातात घड्याळ धरून धावत होता. १० जुलै १९२४ रोजी पॅरिसमध्ये त्याने १५०० आणि ५००० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या, मधे दोन तासांचेही अंतर नव्हते. प्रतिस्पर्ध्यापेक्षा घड्याळाकडे पाहणारा हा माणूस मला टेम्पोचा खरा पूर्वज वाटतो.

उंबरठा ही कल्पना मात्र धावपटूंसाठी जन्मलीच नाही. १९६४ साली वॉसरमन आणि मॅकिलरॉय हृदयरुग्णांची तपासणी करत होते. श्रम वाढवत नेले की एका टप्प्यानंतर रक्तातले लॅक्टेट झपाट्याने चढू लागते. तो टप्पा बाहेर पडणाऱ्या श्वासावरून ओळखता येतो, असे त्यांनी मांडले. धापा टाकणाऱ्या रोग्यासाठी शोधलेली ही रेघ पुढे निरोगी माणसांनी सरावासाठी घेतली. जॅक डॅनियल्स यांनी १९९८ च्या पुस्तकात तिचा हिशेब सोपा केला: शर्यतीत तासभर टिकेल असा वेग, आणि सरावात तो सलग वीस मिनिटे.

गंमत अशी की, तोवर विषाची कथा मोडीत निघू लागली होती. १९८० च्या दशकात जॉर्ज ब्रूक्स यांनी लॅक्टेट एका स्नायूकडून दुसऱ्याकडे, हृदयाकडेही, इंधन म्हणून जाते असे मांडले. म्हणजे ती राख नव्हे, सरपण. दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीशीही त्याचा संबंध नाही. ते तास-दीड तासात ओसरलेले असते. स्पष्टीकरण पडले, वीस मिनिटे मात्र राहिली. मैदानावर अजून ॲसिडच चालते.

माझी चूक साधी होती. मी मध्यलयीऐवजी थेट द्रुतात शिरत होतो. शर्यतीचा तासभराचा वेग नवशिक्याला ठाऊक असणार कसा? त्याने शर्यतच धावलेली नसते. म्हणून मी घड्याळ घरी ठेवले आणि धावताना स्वतःचा पत्ता मोठ्याने म्हणू लागलो. पिनकोडपर्यंत एका दमात पोचलो तर वेग कमी. इमारतीच्या नावाशीच अडकलो तर जास्त. परवा सतराव्या मिनिटाला रस्त्याच्या नावापाशी श्वास घ्यावा लागला, आणि मी धावत राहिलो.